केळीच्या पानांची गादी

"पाठीवर पड, सविता!" मी ओरडलो आणि ती चौथ्यांदा उंच उडीच्या दांडीपाशी थबकली. पलीकडे नुसती वाळू होती.

आमच्या छोट्या कॉलेजात क्रीडाशिक्षक नाही, म्हणून मराठीसोबत खेळही मीच बघतो. उडीची गादी आमच्याकडे नाही. उद्या विद्यापीठाच्या संघाची निवड, आणि पाठीवरची उडी जमल्याशिवाय सविताचा निभाव लागणार नव्हता.

तिला न्यायला आलेले वडील हे बघत होते. ते शाहपूरला केळीचे ट्रक भरतात. "सर, या रेतीवर तर मीबी नाही पडनार," म्हणाले आणि त्यांनी फोन लावला.

तासाभरात त्यांचे दोन साथीदार टेम्पोभर सुकी केळीची पानं घेऊन आले. ट्रकात घडांखाली घालतात तशीच त्यांनी ती आडवी-उभी अंथरली, कमरेइतकी उंच, आणि वर ताडपत्री बांधली. आधी वडील स्वतः पाठीवर पडले.

"इथं केळाला डाग नाही पडत, तुला काय होईन? चल, कूद!"

सविता हसली, धावली आणि पाठीवर पडली.

मी आभार मानले. "ताडपत्री तेवढी परत पाठवा, सर," ते म्हणाले.

मित्रांनो, तुम्ही खेळायला लागलात तेव्हा तुमच्यासाठी कोणी काय अंथरलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडलेली ओळ: सविताने तिसऱ्या प्रयत्नात दांडी ओलांडली. ती संघात आहे.