पकड

रेफरीची शिट्टी वाजली तेव्हा सामना संपायला एक मिनिट होतं आणि आमची शाळा दोन गुणांनी पुढे होती. जिंकलो तर मुली राज्य स्पर्धेला जाणार होत्या. आफरीनने समोरच्या मुलीला झकास आडवं केलं होतं. पण पाडल्यावर तिने तिचा पाय सोडलाच नाही.

रग्बीत हे चालत नाही. पाडलं की लगेच सोडायचं. कबड्डीत उलटं, धरलं की शिट्टी होईपर्यंत सोडायचं नाही. भिवंडीतल्या या शाळेत मी वर्षानुवर्षं कबड्डीच शिकवली.

रग्बी शिकवायची रेश्मा. काल्हेरची, माझीच विद्यार्थिनी. तिला मी कबड्डीच्या संघातून काढलं होतं, 'जड आहेस, पाय उचलत नाहीत' म्हणून. ती रग्बीत फॉरवर्ड झाली. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या फळीतल्या दणकट खेळाडू, खांद्याला खांदा अडकवून समोरच्यांना रेटणाऱ्या. तिथे तिचं वजन कामाला आलं. विजेत्या राज्य संघातून खेळली आणि कोच होऊन आमच्याच शाळेत आली. मुख्याध्यापकांनी तिला सकाळचं मैदान दिलं.

मला म्हणाले, "बाई, तुम्ही जरा चारनंतर घ्या."

चारनंतर तिथे शेजारच्या गोदामाचे ट्रक वळायचे.

मी जळले. बावन्न वर्षांची बाई, एका नातवाची आजी, आणि जळत होते पोरीच्या गळ्यातल्या शिट्टीवर. तिची शिट्टी फार कर्कश वाजते, अशी तक्रारही मी स्टाफरूममध्ये करून आले. त्यात माझ्या कबड्डीच्या चार मुली तिच्या संघात गेल्या, आफरीन त्यांतलीच. मग मी एक उद्योग केला. संध्याकाळी चौघींना बोलावून सांगितलं, "रेश्मा टीचर काहीही सांगू दे. धरलं की सोडायचं नाही."

तर आता पेनल्टी. समोरच्यांनी बॉल दोन खांबांमधून मारला. तीन गुण. आम्ही एका गुणाने हरलो.

"आफरीन, सोडायचं म्हणून किती वेळा सांगितलं?" रेश्माने विचारलं.

आफरीन रडत होती. तिने माझ्याकडे बोट केलं. "बडी मॅडमने बोला था, छोडना नहीं."

मी चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकले. पट्टा नीटच होता.

"मलापण बाईंनीच शिकवलं होतं," रेश्मा तिला म्हणाली. "सवय मोडायला दोन वर्षं गेली." मग माझ्याकडे वळली. "बाई, उद्यापासून सकाळी या. सोडायला तुम्हीच शिकवा. माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकतात."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

वर्षभर मी रोज सकाळी 'सोड गं, छोड' ओरडत मैदानाभोवती फिरले. पुढच्या वर्षी संघ राज्य स्पर्धेला गेला. आफरीनची दहावी झाली होती. ती गेली नाही.

सहकाऱ्यावर जळायचं तर खुशाल जळावं, पण मुलींच्या कानात काही सांगू नये. त्या मनापासून ऐकतात.