सोळा नंबरवरचा आवाज

"…पानी भरलंय… पंप चालत न्हाय… लवकर…"

एवढंच ऐकू आलं आणि सेटवर नुसती खरखर सुरू झाली.

मी लगेच बटण दाबलं. "कोण बोलतंय? बोटीचं नाव सांगा, कुठे आहात ते सांगा. ओव्हर."

उत्तर नाही. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा म्हटलं, "बोलता येत नसेल तर बटण नुसतं दोनदा दाबा." कधी कधी बॅटरी एवढी उतरलेली असते की आवाज पोचत नाही, पण बटणाची टिकटिक पोचते. तीही आली नाही.

सकाळचे साडेदहा वाजले होते. ऑक्टोबर संपत आला होता, पण पहाटेपासून वारा अचानक चढला होता आणि आम्ही सगळ्या बोटींना परत फिरायला सांगितलं होतं.

मुरुडजवळच्या एका कोळीवाड्यात मच्छीमार सोसायटी आहे. मी तिथे वायरलेस ऑपरेटर. समुद्रात थोडं आत गेलं की मोबाईलची रेंज जाते. मग बोटीवरचा व्हीएचएफ सेट हाच आधार. त्यावर एका वेळी एकानेच बोलायचं, आणि संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, म्हणजे समोरच्याने सुरू करावं. सोळा नंबरचा चॅनल संकटासाठी मोकळा ठेवायचा. हा आवाज सोळा नंबरवर आला होता.

मी रजिस्टर उघडलं. अकरा बोटी बाहेर होत्या. एकेकीला हाक मारायला घेतली. आठ जणी आगरदांड्याच्या वाटेवर होत्या, एक बंदरात शिरत होती. नऊ झाल्या. दोन बोलेनात. एक कृष्णा तांडेलची, दुसरी यशवंत तांडेलची. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, बोटीवरचा मुख्य. कृष्णा उत्तरेला कोर्लईच्या बाजूला गेला होता. यशवंत दक्षिणेला, दिघीच्याही पुढे. एकदम उलट दिशा.

चेअरमन दामूकाका धावतच आले. वय सत्तरच्या पुढे, अजून स्वतःची बोट चालवतात.

"कृष्णाच असनार," ते म्हणाले. "त्याच्या बोटीला पावसाळ्यात नीट डागडुजी न्हाय केली. मी सांगितलं व्हतं त्याला."

"काका, तो आवाज कृष्णादादांचा नव्हता."

"मग यशवंतचा?"

"त्यांचाही नाही."

"तांडेल खाली मशिनीपाशी पानी उपसत असंल. सेट खलाश्याच्या हातात." काका वैतागले होते. "खलाशी कोन व्हता ते तुला काय कलनार?"

मला कळलं होतं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मला आवाज लक्षात राहतात. एकदा ऐकलेला माणूस वर्षाने फोनवर आला तरी ओळखते. यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलंच नाही. सगळ्यांनाच येतं, असं समजत होते. उलट लहानपणी बोलणीच खाल्ली. दाराबाहेर कोण कोणाशी बोलतंय ते मी आतूनच सांगायचे, तर आई म्हणायची, "लोकांची बोलणी ऐकत बसायची सवय बरी नाही." सोसायटीत मी टायपिंगसाठी लागले. जुन्या सेक्रेटरींनी महिनाभर पाहिलं आणि एक दिवस विचारलं, "बाय, तू फोन उचलून 'कोण बोलतंय' असं कधीच इचारत न्हाईस. का?" दुसऱ्या दिवशी त्यांनी मला सेटवर बसवलं.

तर त्या सकाळी सेटवर बोलला तो बळीराम, आमच्याच वाड्यातला एक खलाशी. तो बोलायच्या आधी जीभ टाळूला लावून 'टक्' असा बारीक आवाज करतो. 'लवकर'मधला 'ल' जड काढतो. पण माझी अडचण अशी होती की त्याच्याशी मी एकदाच बोलले होते, मे महिन्यात, ओळखपत्राच्या फॉर्मसाठी तो खिडकीशी आला तेव्हा. सेटवर तो आजवर कधी आलाच नव्हता.

"काका, बळीराम होता."

काकांनी रजिस्टर पुढे ओढलं, बोट फिरवलं आणि एका नावावर थांबवलं. "बळीराम कृष्णाच्या बोटीवर हाय. बघ, तुझ्याच अक्षरात हाय. म्हंजे मी बोललो तेच खरं. चल, मी निघतो कोर्लईकडं."

त्या वाऱ्यात बाहेर काढता येईल अशी जेट्टीवर एकच बोट होती, काकांची. परतणाऱ्या बोटींचं डिझेल संपत आलं होतं. मी सरकारी कंट्रोल रूमला फोन लावला. पलीकडचा अधिकारी शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमची बोट यायला दोन तास लागतील. पोझिशन काय?" पोझिशन म्हणजे समुद्रातला नेमका ठिकाणा. मी म्हटलं, "पाच मिनिटं द्या."

काका दारापर्यंत पोचले होते. सगळं जुळत होतं, आवाजही आणि रजिस्टरही. तरी मी म्हटलं, "काका, थांबा. एक फोन करते."

"कशाला आता?"

"ही यादी ऑगस्टमधली आहे. त्यानंतर मी कोणाला विचारलेलं नाही."

बळीरामची बायको नलू मासे सुकवायच्या ओट्यावर होती. फोन उचलला तेव्हा मागे बायकांचा गलका चालू होता.

"नलू, बळीराम आज कुणाच्या बोटीवर गेलाय?"

"यशवंतदादाच्या. कृष्णादादाशी त्याचं वाजलं ना परवा. का वो ताई?"

काका दारातच उभे होते. मी फोन धरून त्यांच्याकडे पाहत 'कृष्णा नाही' अशी मान हलवली. ते परत आत आले नाहीत, पण निघालेही नाहीत.

"ताई, का इचारलंत?"

तिला काय सांगायचं? तिचा नवरा आहे हे माझ्या कानाशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, "त्यांच्या बोटीत पाणी शिरलंय. काका निघतायत. तू ऑफिसात ये."

काका एकदाच म्हणाले, "नक्की ना, बाय? मी दक्षिणेला गेलो आन् कृष्णा तिकडं बुडाला तर?"

"आवाज बळीरामचाच आहे," मी म्हटलं. नक्की होतं का? होतं. पण तीन तुटक वाक्यांवर माणसांचा जीव टांगायचा होता.

मग काका नकाशासमोर उभे राहिले. आवाज ओळखण्यात काकांचं काही चालत नाही, पण पाणी त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. "ओहोटी लागलीय. राजपुरीच्या खाडीचं पानी भायेर पडतंय, वारा आत ढकलतोय. मशीन बंद पडलेली बोट जागेवर न्हाय ऱ्हानार. दिवेआगरच्या अंगाला सरकनार." नकाशावर त्यांनी अंगठा टेकवला. मी तोच ठिकाणा कंट्रोल रूमला दिला. हा अंदाज आहे आणि दुसरी बोट उत्तरेला गप्प आहे, हेही सांगितलं.

काका सव्वाअकराला सुटले. दोन माणसं आणि एक जास्तीचा पंप घेऊन.

नलू आली आणि ऑफिसच्या पायरीवर बसली. सेटवर बळीरामचा आवाज ऐकला, ते मी तिला सांगितलं. आत ये म्हटलं तर आली नाही. मी दर पाच मिनिटांनी दोन्ही बोटींना हाक मारत होते. प्रत्येक वेळी ती मान वर करायची. एकदा म्हणाली, "ताई, तुमी चुकीचं तर ऐकलं नसंल?"

मी 'नाही' म्हटलं, आणि म्हणता म्हणता लक्षात आलं की तिला दुसरंच उत्तर हवं होतं. चुकीचं ऐकलं असेल, तर तिचा नवरा धडधाकट होता.

साडेबारा झाले. काकांचा आवाज आला, "काय दिसत न्हाय. ओव्हर." एक वाजता पुन्हा तेच. सरकारी बोट अजून वाटेवरच होती. कृष्णाचा पत्ता नव्हता. मला वाटायला लागलं, मी आपल्या हाताने एकुलती एक बोट उलट्या दिशेला पाठवली.

एक वाजून पंचवीस मिनिटांनी काका ओरडले. 'ओव्हर' वगैरे काही नाही.

"गावले! चौघंबी हायत! बोट गेली, पन मानसं हायत!"

चौघे जाळ्याला बांधायच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनना धरून तरंगत होते. यशवंतच्या हाताचं बोट मोडलं होतं. बळीराम थंडीने बोलू शकत नव्हता, म्हणून त्याच्या बदल्यात यशवंतनेच काकांच्या सेटवरून नलूला सांगितलं, "हाय गो, हाय तुझा मानूस." नलू पायरीवरून उठली आणि घरी चहा ठेवायला गेली.

कृष्णाची बोट चार वाजता आरामात आली. त्याच्या सेटचा फ्यूज उडाला होता. जेट्टीवर एवढी गर्दी का, असं तोच आम्हाला विचारत होता.

पुढचे काही दिवस लोक माझ्या कानांचं कौतुक करत होते. मी ऐकून घेतलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी माझा कान बरोबर आणि माझं रजिस्टर चूक होतं. कान मला जन्मतः मिळालाय, त्यात माझं कर्तृत्व नाही. रजिस्टर ठेवणं हे माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. ती जुनी यादी माझ्या अक्षरात होती, म्हणून काकांनी तिच्यावर विश्वास ठेवला.

आता बोट सुटताना कोण कोण चढलं ते रोज नव्याने लिहून घेते. शिवाय हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खलाश्याने ऑफिसात येऊन सेटवर चार वाक्यं बोलायची, असा नियम काकांकडून पास करून घेतला. काही जण कुरकुरतात. "बोलून काय व्हनार?" म्हणतात. मी वाद घालत नाही. माईक हातात देते आणि सांगते, स्वतःचं नाव नाही सांगितलं तरी चालेल, काहीही बोला.