गणिताचा कारखाना

माने सरांनी मला आयुष्यात एकदाही साधा चहा पिऊ दिला नाही.

पित्ताचं कारण सांगून पाहिलं, हात जोडून पाहिले. सर गाड्यापाशी पोचायच्या आधीच ओरडायचे, "दोन स्पेशल!" सायीचा, घट्ट, गोडमिट्ट.

ही गंभीर तक्रार आज नोंदवतोय, कारण आज सर मध्येच तोडणार नाहीत.

सर सकाळी गेले. कोल्हापुरात, घरीच.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एक मुख्य विषय निवडायचा. त्यालाही आम्ही 'स्पेशल'च म्हणायचो. मला गणित हवं होतं, माने सरांचा विषय.

वडील, म्हणजे आप्पा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर. पांढरा कोट घालून फिरणारा कारखान्याचा केमिस्ट त्यांना साक्षात विष्णू वाटे. त्यामुळे माझी केमिस्ट्री ठरलेली.

सरांनी आप्पांना कॉलेजवर बोलावून घेतलं. गेटबाहेरच्या गाड्यावर तिघं उभे राहिलो.

चहावाला म्हणाला, "पावणं, तुमचं काय? स्पेशल?"

"केमिस्ट्री," आप्पा ठामपणे म्हणाले.

"ते न्हाय आमच्याकडं."

सर इतके हसले की बशीतला चहा शर्टावर.

आप्पा हसले नाहीत. "सर, केमिस्ट्रीचा कारखाना हाय. गणिताचा कारखाना कुठं हाय, दावा की."

"न्हाय," सर म्हणाले.

एवढंच. मला वाटलं, संपलं.

मग माझ्याकडे वळले. शाळेत संस्कृत घेतल्याची शिक्षा म्हणून मला ते कायम पंडित म्हणत.

"पंडित, स्पेशलला संस्कृतात काय म्हणत्यात?"

"विशेष."

"त्यातला शेष म्हंजे?"

"उरलेलं. बाकी."

"बघा आप्पा. नोकरीनं भागा, पगारानं भागा, पावण्यांच्या सल्ल्यानं भागा. ह्या पोरात बाकी गणितच उरतंय. पोट भरंल का, ते मला ठावं न्हाय. पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला हा खिडकीतनं भाईर बघत बसतोय. असला केमिस्ट तुमच्या कारखान्याला परवडंल व्हय?"

आप्पांनी चहा संपवला. तोंड पुसलं.

"कारखान्याचं नुकसान नको," म्हणाले.

हाच त्यांचा होकार.

पुढे दोन हजारच्या दशकात विमा कंपन्यांना, माणसं सरासरी किती जगतात याचं गणित मांडणारे लोक हवे झाले. मी तेच करतो. आप्पा गावभर सांगायचे, "पोरगं इम्यात हाय." मग लग्नकार्यात पाहुणे आम्हाला बघून वाट बदलायचे. एजंट समजून.

इतक्या अनोळखी माणसांच्या आयुष्याची गणितं मांडली.
सरांचं कधी मांडलं नाही.

परवा लेक म्हणाली, "बाबा, डिग्रीला मॅथ्स घेऊ?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "त्याला स्कोप काय आहे?"

गणिताचा कारखाना कुठं हाय, याचंच हे पुणेरी भाषांतर.

दिवाळीत तिला सरांकडे घेऊन जाऊ, असं मी ठरवलं होतं. माझ्यापेक्षा बरं उत्तर त्यांच्याकडे होतं म्हणून.

येतो सर. चहाची तक्रार मागे घेतली.

पण ती पुन्हा विचारणार आहे. तेव्हा माझ्या तोंडून तुम्ही बोलाल की आप्पा, हे मला खरंच माहीत नाही.