अफू सुटते, बैठक सुटत नाही

सुटी मिळालेल्या रुग्णाच्या खाटेवर, त्याच्या गाठोड्याशेजारी स्वतःची पिशवी आणून ठेवणारी नर्स मी आयुष्यात एकच पाहिली. ताई पारनेरकर. पिशवीत एक धुतलेलं पातळ, पाण्याचा तांब्या आणि भाजलेले चणे. ती पिशवी दिसली की उज्जैनच्या दवाखान्यातल्या आम्ही सगळ्या नर्सेस समजायचो, आज ताई कुणाला तरी इंदूरला घेऊन निघाल्या.

संस्थान जाऊन नुकतंच मध्य भारत हे राज्य झालं होतं. माळव्यात तेव्हा अफू म्हणजे चोरून खायची वस्तू नव्हती. पाहुणा आला की बैठकीत अफूचं गाळलेलं पाणी तळहातात धरून त्याला पाजायचं, हा मान होता. पण हाड मोडून आमच्याकडे आलेल्याची अफू बंद झाली की जांभया, नाकाडोळ्यांना धारा, जुलाब, आणि वर आम्हाला शिव्या! डॉक्टर इंदूरच्या अफू सोडवण्याच्या वॉर्डाची चिठ्ठी द्यायचे. चिठ्ठी घेऊन माणूस बसपर्यंत जाई आणि तिथून गावाला पसार.

"चिठ्ठीला पाय नसतात, मंदे," ताई म्हणायच्या. "माणसाला असतात, आणि ते घराकडेच वळतात." म्हणून त्या सोबत जायच्या, तेही स्वतःची रजा टाकून. मी एकदा चिडून म्हटलं, "ताई, तुम्हाला कशाला नसती उठाठेव?" तर म्हणाल्या, "घरी तरी कोण वाट बघतंय माझी?" लहानपणीच विधवा झालेल्या, भावाच्या घरी एका खोलीत राहणाऱ्या. हसून म्हणाल्या, पण मला मेलं ते हसणं आवडलं नाही.

दुलेसिंग आला तो मांडीचं हाड मोडून. हाड जुळलं, पण गडी इंदूरला जाईना. "बाईजी, अफीम तो छोड़ दूँ, फिर म्हारे साथ बैठेगा कौन?" आम्ही सगळ्याजणी खो खो हसलो. ताई हसल्या नाहीत. स्टूल ओढून म्हणाल्या, "मैं बैठूँगी." आणि बसल्या. इंदूरच्या वॉर्डात त्याचे पहिले वाईट दिवस त्याच्या उशाशी काढले. दुलेसिंग परत आला तो वाळलेला, पण डोळे कसे स्वच्छ!

खरी परीक्षा पुढे होती. विहिरीवरून त्याचा थोरल्या भावाशी वर्षानुवर्षं अबोला. आता भावाच्या मुलीची सगाई ठरली आणि भावाने समेटाला बोलावलं. तिकडची रीत अशी की एकाने दुसऱ्याच्या तळहातातून अफूचं पाणी प्यायलं तरच वैर मिटतं. दुलेसिंग घाबरून ताईंकडे आला. ताई त्याच्यासोबत गावी निघाल्या, आणि भोचकपणाने मीही.

ताईंनी आपल्या डोक्याने तोड काढली होती. थोरल्याला गाठून म्हणाल्या, "दादा, अफीम की जगह गुड़ का पानी पिला दो. मान तो हथेली का है." सोबत गूळही नेला होता, बिचाऱ्यांनी! थोरल्याचा चेहरा पडला. "गुड़ का पानी बच्चों को पिलाते हैं, बाई. हमारी दुश्मनी क्या बच्चों की थी?"

भर बैठकीत त्याने अफूच्या पाण्याचा तळहात पुढे केला. दुलेसिंगने एकदा ताईंकडे पाहिलं आणि नको म्हणून भावापुढे हात जोडले. थोरल्याने बोटं सैल सोडली. तपकिरी पाणी जाजमावर सांडलं, आणि सगळी बैठक उठून गेली.

परतताना बैलगाडीत ताई म्हणाल्या, "अफू सुटते गं, बैठक सुटत नाही. मी त्याची बैठकच मोडली."

"जीव वाचला ना पण त्याचा!" मी फणकारले.

"वाचला. आता तो कुणाशी बोलेल?"

गावात त्याच्याशी कुणी बोलेना. मग दर सोमवारी बाजार झाला की तो दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसू लागला. ड्यूटी संपली की ताई जाऊन शेजारी बसायच्या. बोलणं ते काय? लसणाचा भाव, खोकला, ऊन. पण त्याने पुन्हा अफूला हात लावला नाही.

पुढे मध्य भारतही गेला, राजधानी भोपाळला झाली. ताईंच्या भावाची तिकडे बदली झाली. आपली मराठी बिऱ्हाडंही एकेक करून गल्लीतून उठली. भाऊ म्हणाला, "चल." ताई म्हणाल्या, "सोमवारी दुलेसिंग येतो."

"एका अफूबाजासाठी सख्खा भाऊ सोडतेस?"

"तो अफूबाज नाहीये," एवढंच बोलल्या. भाऊ गेला. ताई त्या खोलीत एकट्या राहिल्या. संध्याकाळी मी कधी डोकावले तर दिवा न लावता बसलेल्या असायच्या. फार वाईट वाटायचं.

त्या हिवाळ्यात ताईंना न्यूमोनिया झाला आणि आमच्याच वॉर्डात, आमच्या हातांत त्या गेल्या. भाऊ आला, क्षिप्रेवर सगळं उरकून परत गेला. दुलेसिंगच्या गावी निरोप पाठवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सोमवारी तो आला. मी बाहेर जाऊन त्याला सांगितलं. तो रडला नाही. बाकाकडे बघून अगदी हळू म्हणाला, "तो अब म्हारे साथ कौन बैठेगा?"

आतून मला हाका येत होत्या. मी बाकावर बसले.