आमच्या व्याह्यांची झांबियातली खाण

माझे व्याही या जगात राहत नाहीत. ते त्याच्या तीनशे फूट खाली राहतात. वर आपल्याला जे दिसतं, पांढरा पायजमा, टोपी, खिशातली चुन्याची डबी, तो नुसता बोअरच्या तोंडाशी बसवतात तसला केसिंग पाइप आहे. खरा माणूस खाली. धाराशिवकडच्या वाशी तालुक्यात चाळीस वर्षं बोअरच्या गाड्यांची एजंटगिरी केल्यावर दुसरं काय व्हायचं? कुणाला रानात बोअर मारायचा असला की तो यांच्याकडं येणार, हे तामिळ मुलखातली गाडी आणून बांधावर उभी करणार, नारळ फुटणार, आणि पुढचे दहाबारा तास हे त्या भोकाशेजारी उकिडवे बसून वर उडणारी भुकटी मुठीत चोळत राहणार. मुरूम गेला, काळा पाषाण लागला, आता ओल येईल. गाडीवरच्या पोरांशी ते ज्या भाषेत बोलतात तिला ते तामिळ म्हणतात. ती पोरं तिला मराठी समजतात. काम मात्र कधी अडलं नाही.

आमची सोयरीक जमायची होती तेव्हा ते पहिल्यांदा धाराशिवला आमच्या घरी आले. मी जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस, त्यामुळं मुलीच्या शिक्षणाबद्दल विचारतील म्हणून चांगली तयारी करून बसलो होतो. त्यांनी तांब्यातल्या पाण्याचा घोट घेतला, तोंडात घोळवला, डोळे मिटले आणि विचारलं, "सर, बोअर किती फुटाचा?" मी म्हणालो, दोनशे दहा. "दोनशे दहा न्हाय. एकशेऐंशीच्या म्होरं ह्यो गेलाच न्हाय. तुमाला फसिवलंय." झालं. पोहे येईपर्यंत माझी अब्रू आणि माझा बोअर दोन्ही तीस फुटांनी कमी झाले होते. मुलगी पसंत आहे हे ते जाताजाता पायरीवर, चप्पल घालताना बोलले. पुढं मोटार काढायची वेळ आली तेव्हा पाइप मोजून पाहिले. एकशे अठ्ठ्याहत्तर भरले. तेव्हापासून मी त्यांच्याशी वाद घालताना जरा जपून असतो.

त्यांच्या घरात भिंतीतलं एक कपाट आहे. विहीणबाईंच्या साड्यांचं म्हणून ते केलेलं. पण साड्या ट्रंकेत आणि कपाटात दगडाची भुकटी. छोट्या छोट्या पिशव्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: गावाचं नाव, शेतकऱ्याचं नाव, फूट. "आमच्या लग्नाचा फोटो सापडंना," असं विहीणबाई एकदा म्हणाल्या, "पर येरमाळ्याच्या कोन्या मानसाच्या रानातला मुरूम बगायचा आसंल तर आत्ता दावते." एवढं बोलून त्या हसल्या. ही बाई हसते फार छान आणि मागत काही नाही, हाच घोटाळा आहे. तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, ती म्हणजे स्लॅब.

त्यांचं घर पत्र्याचं. वाशीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालची दुपार काय असते ते ज्यानं काढली त्यालाच ठाऊक. पत्र्यावर तुराट्या टाका, गोणपाट भिजवून घाला, दहा मिनिटांत सगळं कोरडं. विहीणबाई चैत्र-वैशाखातली दुपार लिंबाखाली उसाभरी करत काढायच्या. सावली सरकेल तशी बाज सरकवायची. घटकाभर आडवं पडायचं नाव नाही. शेवटी व्याह्यांनी रस्त्यालगतचा एक प्लॉट विकला, पैसे बँकेत टाकले आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की औंदा स्लॅब. गवंडी येऊन माप घेऊन गेला. विहीणबाईंनी त्याला दोनदा चहा पाजला.

आणि नेमका त्याच सुमारास त्यांचा मुलगा, म्हणजे माझा जावई, पुण्याहून सुटीवर आला. तो बिचारा वडिलांना म्युच्युअल फंड समजावत होता. समजावता समजावता मोबाइलवर एक चित्रफीत लागली: लाल माती, मोठं झाड, आणि त्याखाली बोअरची गाडी. व्याह्यांनी मोबाइल हातातून ओढूनच घेतला. कुठल्या तरी परदेशातल्या एका लहानशा कंपनीनं आफ्रिकेत, झांबियात, तांबं शोधायला भोकं पाडायला घेतली होती. खाण नव्हतीच अजून, नुसतीच भोकं. शहाणा माणूस तिथंच मागं फिरतो. व्याह्यांना मात्र नात्यातलं कुणीतरी यात्रेत भेटावं तसं झालं. "आरं, ही तर आपल्याच धंद्यातली मानसं," ते म्हणाले. "रॉड कसा धरलाय बग. हात बसलेला हाय." रॉड धरायची पद्धत बघून शेअर घेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मुलानं हो-नाही केलं, पण बापापुढं कोण टिकणार? त्यानं परदेशी शेअरचं खातं काढून दिलं आणि स्लॅबचे सगळे पैसे समुद्र ओलांडून गेले. "वरीसभराचा सवाल हाय," त्यांनी बायकोला सांगितलं. "लागलं की एक सोडून दोन मजले." विहीणबाई म्हणाल्या, "मला एकच पायजे."

तिथून आमच्या घराचं कंपनीचं कार्यालय झालं. कंपनीचं पत्र आलं की जावई ते मला पाठवायचा, आणि मी वाचून फोनवर मराठीत सांगायचो. शेअर घेतला म्हणजे भागीदारी, आणि भागीदार म्हणजे शेजारच्या रानात निम्मा वाटा असलेला माणूस, इतका सरळ हिशेब व्याह्यांचा. ते 'आपली कंपनी' म्हणायचे. भोकाच्या निकालात तांब्याचा टक्का दिलेला असे; तो ऐकायची त्यांना गरज वाटत नसे. "टक्का ऱ्हाऊ द्या. फूट सांगा." मी मीटरचे फूट करून सांगे. "आठशे! काय दमाची गाडी हाय, सर." फोटो आले की ते झेरॉक्सच्या दुकानात जाऊन रंगीत काढून, प्लास्टिक चढवून घेत. नवं भोक सुरू झालं की येरमाळ्याला येडेश्वरीला नारळ. एकदा मी बरोबर होतो. पुजाऱ्यानं रिवाजाप्रमाणं विचारलं, कुणाच्या नावानं? हे शांतपणे म्हणाले, "बोअर नंबर सतरा, झांबिया." पुजाऱ्यानंही तसंच्या तसं देवीच्या कानावर घातलं. आपल्याकडं देवाच्या दारात कुणी कुणाला उलट विचारत नाही, हे एक बरं आहे.

पुढं तर त्यांनी मला एक पत्रच लिहायला लावलं. फोटोत झाडामागं वारूळ दिसत होतं. बोअर तिकडं चाळीस फूट सरकवावा, वारुळाखाली काहीतरी असतं, हे आमच्या भागातल्या पाणाड्यांचं ज्ञान त्यांनी कंपनीला फुकट देऊ केलं. मी आयुष्यभर पोरांना अर्ज लिहायला शिकवले. वारुळाबद्दलचा हा पहिलाच. कंपनीकडून दोन ओळींचं छापील उत्तर आलं, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. "बगा," ते म्हणाले, "इचार करत्यात." खरं सांगायचं तर मलाही आता चटक लागली होती. वर्षभर दुसऱ्याची पत्रं वाचून दाखवता दाखवता मी जावयाकडून माझं खातं काढून घेतलं आणि थोडे शेअर घेतले. व्याह्यांना कोण आनंद. "आता आपून दोगं एकाच बांदावर," ते म्हणाले.

आणि एका उन्हाळ्यात तो शेअर खरंच वर गेला. तांब्याचा भाव चढला, शेजारच्या डोंगरात कुणा बड्या कंपनीनं जागा घेतली, आणि आमचा कागद चौपट झाला. स्लॅब काय, खाली फरशी आणि वर टाकी होऊन चार पैसे उरले असते. मी त्याच दिवशी एसटीनं वाशी गाठली. "व्याहीबुवा, विका," मी म्हणालो. "आजच विका."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की जसं काही मी देवळात चप्पल घालून आलो. "सर, सव्विसावा बोअर चालू हाय की."

"असू दे ना चालू."

"मशीन चालू आसताना एजंट उठून जात न्हाय."

हे नुसतं बोलणं नव्हतं. वाशीत कुणालाही विचारा. गाडी लागली की शेवटचा रॉड वर येईपर्यंत हा माणूस जागा सोडत नाही. घरून भाकरी तिथंच येते. आणि बोअर कोरडा गेला तर मुळीच नाही. गाडीवाले पैसे घेऊन जातात, बघे पांगतात, मग त्या भोकापाशी उरतो तो शेतकरी आणि हे. तो उठेपर्यंत हे उठत नाहीत. तामलवाडीत एक शेतकरी बोअर कोरडा गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बसून राहिला होता. हेही बसले. त्याच्या भावाच्या मुलाचं लग्न होतं त्या दिवशी गावात, वरात शेजारून गेली, पण दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. असल्या माणसाला मी नफा म्हणजे काय ते समजावत होतो. "आवो, तिथं त्यो मानूस रॉड धरून उभा हाय," ते म्हणाले, "आन् म्या हितनं पैसे घिऊन पळू? त्येला काय वाटंल?" त्या माणसाला व्याही नावाचा प्राणी जगात आहे हेही ठाऊक नव्हतं. विहीणबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, एवढं मी पाहिलं. मग पुन्हा थापायला लागल्या.

आता जे सांगतो ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. परत येताना एसटीतूनच मी जावयाला फोन केला आणि माझे सगळे शेअर विकायला सांगितले. वर म्हणालो, तुमच्या आबांना कळू देऊ नका. त्या पैशात आमच्या घरावर एक खोली चढली. पेन्शनचा फरक आला, असं मी व्याह्यांना सांगितलं. "लई चांगलं झालं," ते म्हणाले, आणि खोलीच्या वास्तूला टोपी-उपरणं घेऊन आले. मला फार लाज वाटली. ती अजून गेलेली नाही.

सव्विसावा बोअर कोरडा गेला. मग सत्तावीस, अठ्ठावीस. तांबं होतं, पण चिमूटभर; पसरलेलं, काढायला परवडणार नाही असं. बड्या कंपनीनं पाठ फिरवली आणि भाव जो घसरला तो पार तळाला. शेवटी एक लांबलचक पत्र आलं. ते मी फोनवर वाचलं नाही. वाशीला जाऊन, त्यांच्या पत्र्याखाली बसून वाचलं. काम थांबवलं आहे, पैसा संपला आहे, भागधारकांच्या हाती काही लागेल असं दिसत नाही.

ते खाली बघत ऐकत होते. पत्र संपल्यावर म्हणाले, "गाडी परत गेली का?"

"गेली."

"मानसं आपापल्या घरी गेली?"

पत्रात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी म्हणालो, "गेली. सगळी सुखरूप गेली." इंग्रजीच्या मास्तरानं आयुष्यात केलेलं हे एवढंच चुकीचं भाषांतर, आणि त्याचं मला काही वाटत नाही. त्यांनी मान हलवली. विहीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी औंदा बी पत्र्याखालीच," आणि तुराट्या भिजवायला घागर घेऊन बाहेर गेल्या. रागानं बोलल्या असत्या तर व्याह्यांना बरं वाटलं असतं. ते उठून त्यांच्या मागं गेले आणि दुसरी घागर त्यांनी उचलली.

गेल्या मे महिन्यात मी दोघांना आग्रह करून धाराशिवला आणलं. वर खोली चढल्यापासून आमची खालची बाहेरची खोली चांगली गार पडते. जेवणं झाली, आमची ही आतली आवराआवर करायला गेली, आणि विहीणबाई "जरा टेकते" म्हणून त्या खोलीत शहाबादी फरशीवर नुसत्या आडव्या झाल्या. उशीसुद्धा घेतली नाही. मी पान घेऊन आलो तर व्याही दाराच्या उंबऱ्यावर बसलेले, आणि मला हातानं खुणावताहेत की हळू. आत विहीणबाई गाढ झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं, पदर पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. लहान मूल झोपावं तशा.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. ते वर छताकडं बघत होते.

"ही वरली खोली आपल्या कंपनीचीच न्हवं?" ते हळूच म्हणाले.

हातातलं पान मी खाली ठेवलं. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पोराला खोटं बोलता येत न्हाय, आन् तुमालाबी येत न्हाय. तवाच कळलं हुतं." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "बरं केलं सर. एका घरी तरी पानी लागलं."

मला आता राहवेना. मी म्हणालो, व्याहीबुवा, माझं ऐका, स्लॅबचं मी बघतो, निम्मे माझे, नाहीतर सगळेच, तुम्ही काही बोलू नका. माझा आवाज बहुधा चढला असावा, कारण त्यांनी एकदम माझा हात दाबला.

"आस्ते बोला," ते म्हणाले. "उन्हाळ्याची दुपारची झोपलेली म्या हिला पयल्यांदा बगतुय."

मग आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. आमच्या घरी चार म्हणजे चारला चहा होतो, त्यात चाळीस वर्षांत खंड नाही. त्या दिवशी तो सहाला झाला.