भिंतीकडे तोंड करणारे अण्णा

कुणी संगणकावर पासवर्ड टाकायला लागलं की रामोजी अण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान वळवून भागायचं नाही. पाठ फिरवायची, वर डोळेही मिटायचे. "दुसऱ्याचं देवघर आहे ते, अक्का. आपण उंबऱ्याबाहेर थांबायचं." मी पुण्याहून बंगळूरला नवीनच आलेली. राजाजीनगरच्या आमच्या ऑफिसात मराठी बोलणारं हे एकच माणूस, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. मला तर माहेर भेटलं!

सगळे पासवर्ड एका कुलपात ठेवणारा प्रोग्रॅम अण्णांनी लिहिला होता आणि ऑफिसभर फुकट वाटला होता. सोबत त्याचा सोर्सकोडही फ्लॉपीवर देत. "कुलूप कसं केलंय ते गावाला दाखवावं, लपवावी फक्त किल्ली. वाचा, चुका काढा, हवं ते बदला!" वाचतंय कोण? माणूस एवढं उघडं करून दाखवतोय, तर शंका कशाला घ्यायची! दसऱ्याच्या आयुधपूजेला आम्ही त्या फ्लॉपीला हळदकुंकू लावलं, वर झेंडू ठेवला आणि पुन्हा खणात टाकली. तयार प्रोग्रॅम अण्णा स्वतःच प्रत्येकाच्या मशीनवर घालून देत. मी माझी किल्ली, म्हणजे त्या कुलपाचा मुख्य पासवर्ड, टाइप केली तेव्हाही ते भिंतीकडेच बघत होते.

पुढे मला येलहंक्याच्या एका कंपनीत मनासारखी नोकरी ठरली. मी कुणापाशी चकार शब्द काढला नव्हता, सगळं ई-मेलवर. तरी एक दिवस साहेबांनी बोलावून माझीच ई-मेल मला वाचून दाखवली. तिकडेही त्यांनी फोन करून माझ्याबद्दल नको ते सांगितलं होतं. ती नोकरी गेली, ही पण गेली.

ई-मेलचा पासवर्ड अण्णांच्या कुलपाशिवाय कुठेच नव्हता. मी ती कुंकवाने माखलेली फ्लॉपी काढली आणि त्यातल्या कोडवरून प्रोग्रॅम स्वतः तयार केला. अगदी चोख निघाला. माझ्या मशीनवरचा मात्र वेगळाच होता. त्यात टाकलेली किल्ली, आतल्या सगळ्या पासवर्डांसकट, गुपचूप अण्णांच्या मशीनवर जात होती.

"का हो, अण्णा?"

"साहेबांनी सांगितलं, अक्का. स्वल्प नाइलाज झाला."

स्वल्प म्हणे! केसाने गळा कापला माझा, आणि स्वल्प!

संध्याकाळी मशीन त्यांच्याच हवाली करायचं होतं. शेवटचा पासवर्ड टाकायला मी बोटं उचलली, आणि अण्णा सवयीने भिंतीकडे वळले.

"वळा की इकडे," मी म्हणाले. "तुम्हाला बघायची गरज कधी होती?"

ते वळले नाहीत.