रायपूरच्या आखाड्यातून टोकियोच्या सुमोपर्यंत, बाबांसोबत

मे महिन्यात रायपूरमध्ये ऊन चव्वेचाळीसवर गेलं की लोक थंड हवेच्या गावी जातात. मी माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाबांना घेऊन टोकियोला सुमो बघायला गेले.

बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरी रेल्वेची असली तरी जीव आखाड्यात. पुरानी बस्तीतल्या आखाड्यात त्यांनी तीस वर्षं पोरांना कुस्ती शिकवली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरी बसून त्यांना मोबाईलवर सुमो सापडला. मग रोज तेच. एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "एकदा हे डोळ्यानं पाह्यलं पाहिजे." त्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच आठवड्यात पासपोर्ट काढायला टाकले.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "इतना खर्चा, तो चारधाम करा देती." बाबांनीच उत्तर दिलं, "तिथी पहिलवान नाही राहत."

हेही सांगून टाकते. आम्हा बापलेकीत कुस्ती हा विषय निघत नसे. त्याचं कारण पुढे येईल.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: टोकियोत ही स्पर्धा जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये असते, दर वेळी पंधरा दिवस. तिकिटं साधारण महिनाभर आधी ऑनलाईन खुली होतात आणि बघता बघता संपतात. खाली रिंगणाजवळ गादीवर मांडी घालून बसायच्या चौकटी असतात, पण गुडघे दुखत असतील तर त्या वाटेला जाऊ नका. आम्ही वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घेतल्या, माणशी अडीच हजार रुपयांच्या आसपास. दिसतं उत्तम. व्हिसाचे कागद एजंटामार्फत दिल्लीला गेले, आम्हीही रायपूर-दिल्ली-टोकियो असेच गेलो.

शाकाहारी असाल तर खाण्याची तयारी घरूनच करा. तिथे भाजीच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. मी बेसनाची खमंग ठेठरी, गोड खुर्मी, चिवडा आणि मेतकूट नेलं होतं. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या दुकानात आंबट-खारट आलुबुखार भरलेले भाताचे गोळे मिळतात. बाबांना ते इतके आवडले की ते रोज सकाळी दोन खात.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सकाळीच लोकलने सुमोच्या सभागृहाजवळच्या र्‍योगोकु स्टेशनकडे निघालो. डब्यात एक सुमो पहिलवान चढला. सुती झगा, पायात लाकडी चपला, केसांना गोडसर वासाचं तेल. सीट रिकामी होती तरी तो दाराशी उभा राहिला.

"बसून नाही राहिला, काहून?" बाबांनी हळूच विचारलं.

"दुसऱ्यांना जागा उरावी म्हणून असेल."

बाबांनी त्याला पायांपासून वरपर्यंत नीट बघितलं, जसं ते आखाड्यात नवीन आलेल्याला बघत. "मांड्या चांगल्या हायेत. पण डावा पाय दुखते त्याचा," ते म्हणाले. स्टेशन आलं तेव्हा तो पहिलवान खरंच डाव्या पायाने जरा लंगडत उतरला.

सकाळी सभागृह जवळजवळ रिकामं असतं. बहुतेक पर्यटक दुपारी तीननंतर येतात, पण माझं ऐका, सकाळीच जा. तेव्हा खालच्या दर्जाचे पहिलवान लढतात. त्यांना झुंजीआधी रिंगणात मीठ उधळायचा मान नसतो, टाळ्याही मोजक्याच पडतात. नियम पाच मिनिटांत कळतात: तळपायाशिवाय अंगाचा कुठलाही भाग मातीला लागला किंवा गोल दोरखंडाबाहेर पाय पडला की हरला. पाठ टेकवायची गरजच नाही. रिंगण म्हणजे मातीचा उंच, सपाट ओटा. बाबा बराच वेळ त्याच्याकडेच बघत होते. "आपल्या मातीत आपण तेल टाकतो, हळद टाकतो, मऊ करतो. हे त दगड हाय. पडलं का हाड वाजते."

एक किडकिडीत पहिलवान दोन सेकंदांत बाहेर फेकला गेला. तो उठला, परत जागेवर आला, वाकून नमस्कार केला आणि गेला. जिंकलेल्यानेही ना हात वर केला, ना हसला.

"हे मी पोट्ट्याहिले शिकवू नाही शकलो," बाबा म्हणाले.

दुपारी आमच्या शेजारच्या खुर्चीवर एक आजीबाई येऊन बसल्या. वय ऐंशीच्या घरात, एकट्याच, मांडीवर रुमालात बांधलेला डबा. बाबांनी त्यांना ठेठरी दिली, त्यांनी आम्हाला सोललेलं संत्रं दिलं. मग त्यांनी मोबाईल काढला. त्या जपानीत बोलायच्या आणि फोन मराठीत सांगायचा, अगदी शुद्ध, पुस्तकी मराठीत.

"हे पोट्टी पुण्याची दिसते," बाबा फोनकडे बघून म्हणाले.

आजींनी बाबांच्या कानांकडे बोट दाखवलं. कुस्तीत घासून घासून बाबांचे कान फुलकोबीसारखे झाले आहेत. फोन म्हणाला, "आपण मल्ल होतात काय?"

बाबा खूश झाले. हो म्हणाले, तीस वर्षांचं सगळं सांगितलं. आजी ऐकत होत्या. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, उठून माझे खांदे दोन्ही हातांनी दाबून पाहिले. फोन म्हणाला, "आपल्या कन्येचे स्कंध उत्तम आहेत. तीसुद्धा लढत असे काय?"

मी म्हटलं, "नाही."

बाबा खाली रिंगणाकडे बघायला लागले.

आजींनी रिंगणाकडे हात केला. त्यावर बाईने पाय ठेवायचा नसतो, असं त्यांनी सांगितलं. पण लहानपणी समुद्राकाठच्या गावात वाळूवर रिंगण आखून त्यांनी दोन्ही भावांना उचलून फेकलं होतं. मग वडिलांनी बंद केलं.

बाबांनी फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, "मंग तुम्हाले राग नाही आला?"

"आला. अद्याप आहे. तरीही मी दरवर्षी येते," फोन म्हणाला. आजी हसल्या आणि डबा उघडून जेवायला लागल्या.

आता ते कारण. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा मी सोळा वर्षांची होते. नवं राज्य म्हणजे सगळंच नवं, खेळांचे संघसुद्धा. आमच्या शाळेच्या खेळाच्या मॅडम घरी आल्या. मुलींचा कुस्तीचा संघ बांधायचा आहे, मीनाला पाठवा, म्हणाल्या. बाबांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "आमच्या घरच्या पोरी मातीत नाही उतरत." मी दाराआड उभी होते. पुढे शिकले, सरकारी नोकरी लागली, लग्न झालं. सगळं नीट झालं. फक्त त्यानंतर मी कधी आखाड्यात गेले नाही.

"ते मॅडम आली होती आपल्या घरी," खाली लढती चालू असताना बाबा म्हणाले.

"हो."

"मी नाही काहून म्हटलं, सांगू?"

"सांगा."

"तू हरली असती त मले पाहवलं नसतं. अन् जिंकली असती त आखाड्यातले लोक मले काय म्हणतील, त्याचं भेव होतं. दोन्ही गोष्टी माह्याच होत्या, मीना. तुही त्यात एकबी गोष्ट नव्हती."

"हे तेव्हा सांगायचं होतं, बाबा."

"तेव्हा मले समजलंच नव्हतं."

वाचणाऱ्यांना वाटेल, मी रडले असेन. नाही. मला राग आला, चांगला कडकडीत. मी उठून चहा आणायला गेले आणि रांगेत उगाच दोन माणसांना पुढे जाऊ दिलं. परत आले तेव्हा बाबा मुठी आवळून बसले होते, गुडघ्याच्या वेदनेने की कशाने, मी विचारलं नाही. चहा हातात दिला. तो मी त्यांच्यासाठीच आणला होता, हे त्यांना कळलं.

चारनंतर सभागृह गच्च भरलं. भरजरी झालरी बांधून वरच्या दर्जाचे पहिलवान आले. मूठमूठ मीठ उधळायचं, बसायचं, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, पुन्हा उठायचं. चार मिनिटं तयारी आणि दहा सेकंदांची झुंज. त्या दिवशी एका बुटक्याने आपल्या दुप्पट वजनाच्या पहिलवानाला पट्ट्याला धरून असा काही फिरवला की अख्खं सभागृह उभं राहिलं. बाबाही उभे राहिले, माझ्या खांद्याचा आधार घेऊन. आजी आमच्या शेजारी टाळ्या वाजवत होत्या. निघताना त्यांनी बाबांना वाकून नमस्कार केला आणि मला खांद्यावर एक थाप मारली. चांगली जोरात.

पुढचे चार दिवस टोकियोत फिरलो. बागा, देवळं, बाजार. त्यांच्याबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे, मी नाही लिहीत.

चौबे कॉलोनीतल्या घरी आल्यावर बाबा तिसऱ्याच दिवशी आखाड्यात गेले. मुलींसाठी सकाळची एक वेळ ठेवा, म्हणाले. तिथल्या माणसांनी त्यांच्या पाया पडून सांगितलं, "दादा, आप जो बोलो, पर ये नहीं हो पाएगा." बाबा भांडले नाहीत. घरी आले, जेवले आणि मला म्हणाले, "ते गाद्यावाली कुस्ती पोरी कुठी खेळतात, पाह्य."

शंकर नगरच्या पलीकडे एका हॉलमध्ये मॅटवर अकरा मुली सराव करतात. आता आठवड्यातून तीन दिवस मी ऑफिसच्या आधी बाबांना तिथे सोडते. ते खुर्चीवर बसून सांगतात आणि मुली "हव दादाजी" म्हणत करतात. त्यांना बाबांची मराठी अर्धीच कळते, पण पायाची चूक कळते.

तिसऱ्या आठवड्यात मी दाराशी थांबले होते. बाबा वळून म्हणाले, "चप्पल काढ."

मी चाळिशीची, सलवार-कुर्त्यात, नऊ वाजता मंत्रालयाची बस. चप्पल काढली. समोर चौदा वर्षांची एक मुलगी उभी राहिली.

"पाय फाक. कंबर खाली. नजर तिच्यावर," बाबा म्हणाले.

तीन सेकंदांत माझी पाठ मॅटला टेकली होती.

"टेकली," बाबा म्हणाले. "उठ."

खांदा आठवडाभर दुखला. बुधवारी मी कुर्त्याऐवजी टी-शर्ट घालून गेले.